बाह्यरुग्ण विभागातील स्त्रीरोग सेवा व शासकीय मानके : एक विवेचन

प्रस्तावना :
सार्वजनिक आरोग्यसेवेत स्त्रीच्या प्रकृतीचा विचार प्रामुख्याने गर्भारपण व बाळंतपण या संदर्भात होतो. पांढरे जाणे, अनियमित रक्तस्राव, अंग बाहेर येणे इत्यादी तक्रारींची पहिली दखल मात्र बाह्यरुग्ण विभागात घेतली जावी लागते. या सेवेसाठी शासनाने ठरविलेली मानके व त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. परंतु पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. विशेष म्हणजे ४५ टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती. केवळ तक्रारीवर विसंबणारी सेवा अपुरी ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

मानकांचे स्वरूप :
भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ मध्ये लागू झाली आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारण्यात आली. सपाट प्रदेशात ३०,०००, तर डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाची तरतूद त्यापुढील सामुदायिक आरोग्य केंद्राच्या स्तरावर आहे. २०१२ च्या मानकांनुसार प्राथमिक केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चार व दुपारी दोन तास, आठवड्यातून सहा दिवस चालावा आणि प्रत्येक डॉक्टरने दररोज किमान ४० रुग्ण तपासावेत, अशी अपेक्षा होती. या हिशेबाने एका रुग्णाच्या वाट्याला सरासरी नऊ मिनिटे येतात. संकोचणाऱ्या स्त्रीला बोलते करणे, आंतरिक तपासणी व सल्ला हे सर्व एवढ्या वेळात बसविणे कठीण आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सुचविली. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे भाग पाहण्याची ही पद्धत अल्पखर्ची असून प्रशिक्षित परिचारिकेलाही करता येते. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम २ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी केल्याचे नोंदले गेले.

अपुऱ्या सेवेचे परिणाम :
प्राथमिक स्तरावर तपासणी न झालेली स्त्री अखेरीस खाजगी दवाखान्याकडे वळते व तेथे काही वेळा थेट गर्भपिशवी काढण्याचाच सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा हा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सर्व राज्यांनी अंगीकाराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. देखरेख समित्या हा त्यांतील महत्त्वाचा भाग आहे. परंतु समिती शस्त्रक्रियेवर लक्ष ठेवते. शस्त्रक्रियेची वेळ टाळण्याचे काम बाह्यरुग्ण विभागाचे आहे.

उपाययोजना :
१) तपासणीसाठी पडदा व दार असलेली स्वतंत्र जागा असावी.
२) पुरुष डॉक्टर तपासत असल्यास दुसरी स्त्री उपस्थित असावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही हा हक्क नमूद आहे.
३) स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरावीक दिवशी प्राथमिक केंद्राला भेट द्यावी.
४) पुढे पाठविलेल्या स्त्रीवर काय उपचार झाले, याची नोंद मूळ केंद्राकडे परत यावी.

निष्कर्ष :
खोल्या, पदे व उपकरणे मोजणे सोपे असते. म्हणून मानकांत त्यांना प्राधान्य मिळते. केंद्रात आलेल्या किती स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी झाली व कितींना शस्त्रक्रियेविना बरे वाटले, हेही मोजले गेले पाहिजे. तसे झाल्यासच मानके कागदावरून स्त्रीच्या आरोग्यापर्यंत पोहोचतील.