कुलूप, किल्ली आणि दिल्लीचा निकाल

मोबाइलवर डाउनलोड केलेला सिनेमा वर्गणी संपली की उघडत का नाही? कारण फाइल तुमच्याकडे असते, किल्ली नसते. सिनेमा कुलूपबंद रूपातच येतो. ॲप सर्व्हरकडे किल्ली मागतं. सर्व्हर वर्गणी आणि उपकरण तपासून ठरावीक मुदतीची किल्ली देतो. मुदत संपली, की फाइल निकामी.

हक्कभंगाच्या हेतूनं हे कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॉपीराइट कायद्यात हे कलम ६५-ए २०१२च्या दुरुस्तीनं आलं.

पण एक प्रत बाहेर फुटली, की कुलूप असून नसल्यासारखं. चोरीची एक साइट बंद केली, तर तीच दुसऱ्या नावानं उभी राहते. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं यूटीव्हीच्या खटल्यात यावर वाट काढली. अशा नक्कल साइटसाठी नवा खटला नको, सहनिबंधकांकडे पुराव्यासह अर्ज पुरे.

आपल्यापुरतं एवढं लक्षात ठेवा : वर्गणी भरून आपण सिनेमा घेत नाही, पाहण्याची परवानगी घेतो.