छप्पर मिळाले, पण घर?

– प्रतिनिधी

शेजारच्या फ्लॅटमधून रोज रात्री मुलाच्या रडण्याचा आवाज येतो. कधी काहीतरी आपटल्याचा, कधी पट्ट्याचा. आपण टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो आणि म्हणतो, ‘जाऊ दे, त्यांच्या घरातला प्रश्न आहे.’ एखादे दिवशी पोलीस येतात, मुलाला घेऊन जातात आणि सोसायटीतले सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. सुटला बिचारा!

पण तो खरोखरच सुटला का? मारहाण थांबली, दोन वेळचे जेवण मिळाले, डोक्यावर छप्पर आले म्हणजे सगळे ठीक झाले, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मुलाची खरी लढाई त्यानंतर सुरू होते.

अत्याचार करणारे अनोळखी नसतात

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते.

म्हणजे ज्या माणसाकडे धावत जायचे, त्याच्यापासूनच पळायचे अशी या मुलांची अवस्था असते. मूल अशा घरातून बाहेर पडते तेव्हा ‘मोठ्या माणसांवर विश्वास ठेवायचा नसतो’ हा धडा ते पक्का शिकून आलेले असते. तो धडा पुसण्याचे काम बालगृहाला करावे लागते.

फरीदाबादमधले बालग्राम

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हजारो मुले अनाथ झाली होती. त्यांना मोठमोठ्या अनाथाश्रमांत ठेवले जात होते. हर्मन ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट या गावी वेगळा प्रयोग सुरू केला. मोठ्या हॉलमध्ये पन्नास खाटा मांडण्याऐवजी छोटी छोटी घरे बांधायची. प्रत्येक घरात एक ‘आई’, तिच्याजवळ वेगवेगळ्या वयाची काही मुले, घराचे स्वत:चे स्वयंपाकघर आणि अशी काही घरे मिळून एक गाव. यालाच एसओएस बालग्राम म्हणतात.

भारतात या संस्थेचे काम १९६४ मध्ये सुरू झाले आणि देशातले पहिले बालग्राम उभे राहिले ते दिल्लीजवळच्या फरीदाबादमध्ये, ग्रीनफिल्ड्स या वसाहतीत. पुढे महाराष्ट्रातही पुण्यात येरवडा, अलिबागजवळ आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरला अशी बालग्रामे झाली. सख्ख्या भावंडांना शक्यतो एकाच घरात ठेवायचे, मुलांनी शेजारच्या इतर मुलांसारखे शाळेत जायचे, भाजी आणायला ‘आई’बरोबर बाजारात जायचे, असा हा साधा विचार आहे.

साधाच आहे, पण मुलासाठी तो फार मोठा असतो. शंभर मुलांच्या आश्रमात जेवणाची घंटा होते आणि सगळे रांगेत बसतात. घरात मात्र कुणीतरी लक्षात ठेवलेले असते की, या मुलाला वांगे आवडत नाही, त्या मुलीला अंधारात झोप लागत नाही. आपल्याबद्दल कुणीतरी एवढे लक्षात ठेवते, हेच अनेक मुले आयुष्यात पहिल्यांदा अनुभवत असतात.

उशीखाली लपवलेली पोळी

अशा मुलांचे वागणे सुरुवातीला बुचकळ्यात टाकते. पोटभर जेवूनही मूल उशीखाली पोळी लपवते. दहा वर्षांची मुलगी अंथरूण ओले करते. कुणी सहज हात वर केला, तरी मूल डोके झाकून घेते. काही मुले क्षुल्लक कारणाने तोडफोड करतात, तर काही पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसतात. लोक म्हणतात, ‘किती गोड, लगेच मिसळतो!’ पण कोणता माणूस आपला आणि कोणता परका हे शिकायची संधीच त्याला मिळालेली नसते.

यातला हट्टीपणा किंवा खोटेपणा शोधू नये. सतत धोक्यात वाढलेल्या मुलाचा मेंदू कायम सावध राहायला शिकतो. उद्या जेवण मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून पोळी लपवायची सवय लागली. त्या घरात ती सवय शहाणपणाची होती. नव्या घरात तिची गरज उरलेली नाही, हे मेंदूला पटायला महिने, कधी कधी वर्षे लागतात. म्हणूनच जाणत्या संस्थेत मुलाला रागावत नाहीत. उलट त्याला एक डबा देतात आणि सांगतात, ‘हा तुझा. यात खाऊ कायम असेल.’ डबा रिकामा होत नाही हे पटले की, उशीखालची पोळी हळूहळू बंद होते.

थेरपीत नेमके काय होते?

थेरपी म्हटले की, सोफ्यावर बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची असे चित्र डोळ्यांसमोर येते. सहा वर्षांच्या मुलाकडे तर जे घडले त्यासाठी शब्दच नसतात. म्हणून लहान मुलांसोबत खेळ, चित्रे, बाहुल्या आणि गोष्टी यांच्या मदतीने काम केले जाते. मूल बाहुल्यांचे घर मांडते आणि बाबा बाहुलीला दाराबाहेर उभे करते, तेव्हा ते खूप काही सांगत असते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे आघातावर केंद्रित असलेली वर्तन उपचार पद्धती. त्यात मुलाला आधी भावनांना नाव द्यायला आणि भीती वाटली की श्वास संथ करायला शिकवतात. मग त्याच्या वेगाने, थोडे थोडे करून जे घडले ते बोलायला किंवा लिहायला मदत करतात. ‘माझ्यामुळेच झाले’ हा समज दूर करणे हा या उपचाराचा गाभा असतो. सांभाळणाऱ्या मोठ्या माणसालाही यात सामील करून घेतात, कारण आठवड्यातला एक तास मूल समुपदेशकाकडे असते आणि उरलेला सगळा वेळ घरात.

हा उरलेला वेळच खरे औषध आहे. ठरलेल्या वेळी जेवण, स्वत:चे कपाट, शाळेतून आल्यावर दारात तेच माणूस आणि दिलेला शब्द पाळला जाणे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत २०२० पासून ‘संवाद’ नावाचा उपक्रम चालतो. बालगृहातील कर्मचारी, शिक्षक आणि बाल कल्याण समितीचे सदस्य यांना अशा मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण त्यात दिले जाते.

माणूस बदलला की जखम उघडते

रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये २००० मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. तेथील संस्थांमधली १३६ लहान मुले त्यात होती. त्यातल्या निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक कुटुंबांत पाठवण्यात आले, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता अधिक चांगली वाढली. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला.

संस्थेत खायला-प्यायला मिळत होते, तरी पाळीनुसार सांभाळणारी माणसे बदलत होती. मुलाने कुणाला आपले म्हणावे? आपल्याकडच्या अनेक बालगृहांतही काळजीवाहक कमी पगारावर, कंत्राटी पद्धतीने काम करतात आणि सहा महिन्यांत सोडून जातात. मुलासाठी ते आणखी एक सोडून जाणे असते. देणगीदार भिंती रंगवून देतात, टीव्ही देतात, पण सांभाळणाऱ्या बाईचा पगार वाढावा म्हणून कोण देणगी देतो?

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे आलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेऊन स्वत:च्या घरी वाढवले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

विश्वास ठेवा, पण तपासाही

मुलांच्या नावाने चालणारी प्रत्येक संस्था चांगलीच असते असे नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारमधील निवाऱ्यांची पाहणी केली आणि २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील भीषण लैंगिक अत्याचार उघडकीस आले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली. बालग्रामाची कल्पना मांडणारे ग्माइनर १९८६ मध्ये वारले. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील एसओएस संस्थेनेच जाहीर केले की, त्यांनी मुलांवर अत्याचार केल्याचे विश्वासार्ह आरोप पुढे आले आहेत.

कल्पना चांगली असली तरी माणसांवर देखरेख हवीच. कायद्यानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. बाल कल्याण समितीने महिन्यातून किमान दोनदा अशा ठिकाणी भेट द्यायची असते. मुलांना न घाबरता तक्रार करता यावी म्हणून सूचना पेटी आणि मुलांची समिती असावी लागते. देणगी देण्यापूर्वी एवढे तरी विचारा की, नोंदणी आहे का? समितीची शेवटची भेट केव्हा झाली? समुपदेशक किती दिवस येतो? चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

संस्था हा शेवटचा पर्याय

बाल न्याय कायदा २०१५ स्पष्ट सांगतो की, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. सोडवलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावे लागते. समिती घरच्या परिस्थितीची चौकशी करून घेते. आजी, मामा किंवा काका नीट सांभाळू शकत असतील तर मुलाला तिकडे पाठवता येते. ‘मिशन वात्सल्य’खाली अशा पात्र मुलासाठी महिन्याला ४,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि महाराष्ट्रात स्वतंत्र बालसंगोपन योजनाही आहे. केवळ गरिबीमुळे मूल आश्रमात टाकण्याची वेळ येऊ नये, हा यामागचा हेतू आहे.

घरी परतणे सुरक्षित नसेल, तेव्हा मात्र चांगले बालगृह मुलाचा जीव वाचवते. १८ वर्षे पूर्ण झाली की, बालगृह सोडावे लागते. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत पुनर्वसनासाठी मदतीची तरतूद आहे, पण खोली भाड्याने घेताना ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने एकट्यानेच द्यायचे असते.

तुम्ही काय करू शकता?

● संशय आला तर १०९८ वर फोन करा. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज देशभर चालते. ११२ वरही मदत मिळते. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असते.

● मुलाने काही सांगितले तर शांतपणे ऐका. ‘तू नक्की सांगतोस ना?’ असे उलटतपासणीचे प्रश्न विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नका. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस. यात तुझी चूक नाही,’ एवढे नक्की म्हणा.

● पोलिसांची भीती वाटत असेल तर लक्षात ठेवा, पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी नोंदवता येतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात.

● आपल्या मुलाचा वाढदिवस आश्रमात साजरा करायची हल्ली पद्धत आहे. केक कापतो, फोटो काढतो आणि दोन तासांनी निघून येतो. तिथल्या मुलांनी मात्र टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा निरोप द्यायचा. त्यांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. बाल न्याय कायदा अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो.

● त्याऐवजी संस्थेशी बोलून आठवड्यातला एक तास ठरवा. गणित शिकवा, गोष्टी वाचा, सायकल दुरुस्त करायला शिकवा. मात्र निदान वर्षभर जमणार असेल तरच सुरू करा. शनिवारी चार वाजता येतो म्हणालात, तर शनिवारी चार वाजता तिथे असा. नाहीच जमले तर फोन करून त्या मुलाला स्वत: सांगा.