विझलेल्या उजेडाची किंमत

१९६०च्या दशकातली रोलेक्स सबमरिनर हाती आली, की मुरलेला संग्राहक वेळ बघतच नाही. तो भिंग काढतो आणि तबकडीच्या काठावर, सहाच्या खुणेखाली छापलेली बारीक अक्षरं वाचतो. नुसतं ‘स्विस’ असेल तर एक गोष्ट, ‘स्विस टी’ असेल तर दुसरी. हा ‘टी’ म्हणजे ट्रिटियम. अंधारात चमकणारा रंग कशाच्या जिवावर चमकत होता, याची ती कबुली.

चमक हवीच होती, कारण खोल पाण्यात घड्याळ दिसलं नाही तर जीव जायचा. ब्लाँपां कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः पाणबुडे. एकदा वेळेचं भान सुटून त्यांची हवाच संपली होती. पुढे फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनाही असंच घड्याळ हवं होतं, आणि १९५३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’ जन्माला आलं. काळी तबकडी, ठसठशीत चमकत्या खुणा, काचेभोवती फिरणारं कडं. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. किती मिनिटं गेली ते नंतर नजर टाकताच कळतं.

तेव्हा चमक यायची रेडियममधून. रेडियमचे क्षार झिंक सल्फाइडमध्ये कालवून खुणा रंगवत. रेडियममधून सुटणारे अल्फा कण त्या स्फटिकांवर आदळत आणि प्रत्येक धडकेसरशी उजेडाचा कण उडे. गंमत अशी, की याच धडकांनी स्फटिक खिळखिळे होत गेले आणि काही दशकांत रंग साफ विझला. रेडियम मात्र जागच्या जागी आहे, कारण ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. अंधारात काहीही न दिसणाऱ्या त्या तबकडीजवळ गायगर काउंटर नेला, तर तो आजही कडकडतो. म्हणून असलं घड्याळ घरी उघडायचा उद्योग कुणी करू नये.

ट्रिटियमचं उलटं. ते दर १२ वर्षांनी साधारण निम्मं होतं. म्हणजे १९६५च्या घड्याळात आज जेमतेम तीन टक्के उरलं असेल. दरम्यान पांढऱ्या खुणा आटीव बासुंदीच्या रंगावर येतात, आणि नेमक्या त्या रंगासाठी लोक पैसे मोजतात. काटे आणि खुणा एकाच छटेच्या हव्यात. काटे पांढरेशुभ्र आणि खुणा पिवळ्या दिसल्या, तर समजावं, काटे कधीतरी बदललेत. पूर्वी सर्व्हिसिंगला दिलेल्या घड्याळाला सर्रास नवी तबकडी, नवे काटे बसत. मालक खूश व्हायचा. आज तोच प्रकार ऐकून संग्राहक कपाळाला हात लावतो. उन्हानं काळ्याची तपकिरी झालेली तबकडी तर खरं म्हणजे रंगातला दोष. तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि भाव चढतो! मला हे थोडं वेडगळच वाटतं, पण बनावट जुनेपणा चटकन उघडा पडतो, त्यात मजा आहे. स्वस्त जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्यानं रंगवून विकण्यात आपली मुंबई इतकी पुढे, की परदेशी शौकीन अशा मालाला थेट ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

सगळ्यात दुर्मिळ मासा म्हणजे टॉर्नेक-रेव्हिल. बनवलं ब्लाँपांनंच, पण अमेरिकी नौदलाला परदेशी माल विकण्यात अडचण, म्हणून आयातदाराच्या नावाचं. तबकडीवर एक लहानशी चकती. आत दमटपणा शिरला तर तिचा रंग बदलायचा, म्हणजे पाणबुड्याला कळायचं की या घड्याळावर आता भिस्त ठेवू नये. चमकीसाठी प्रोमेथियम, जे अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मं होतं. मागच्या बाजूला कोरलेलं: किरणोत्सारी पदार्थ, धोका, सापडल्यास जवळच्या लष्करी ठाण्यावर परत करा. बरीचशी घड्याळं अशी परत गेली आणि नष्ट झाली. आज लिलावात जी मोजकी दिसतात, ती बहुधा हा हुकूम न मानणाऱ्यांच्या कृपेनंच.