कोंडिविट्याच्या कुंपणाआड

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या कुंपणाआत एक पडके चर्च उभे आहे. त्या कुंपणात रोज कामाला जाणाऱ्या आमच्या हजारो मुलामुलींपैकी किती जणांनी ते पाहिले असेल? गेटवर पास दाखवायचा, दिवसभर दागिने घडवायचे किंवा कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि संध्याकाळी घर गाठायचे, एवढाच त्यांचा आणि त्या जमिनीचा संबंध. मेट्रो आली. तिच्या स्थानकांना सीप्झ, एमआयडीसी, मरोळ नाका अशी नावे मिळाली. ज्या गावाच्या जमिनीवर हे सारे उभे आहे त्या कोंडिविट्याचे नाव मात्र त्या मार्गावर कुठेच नाही.

हे चर्च सेंट जॉन द बॅप्टिस्टचे. पोर्तुगीज जेजुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले. पुढे १७३७ साली चिमाजीअप्पाच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे गेली, १७७४ साली इंग्रजांनी घेतली. राज्यकर्ते दोनदा बदलले, पण गावकरी रविवारी मिस्सेला त्याच दारातून आत जात राहिले. १८४० साली साथ आली, माणसे पटापट मेली आणि अख्खी पॅरिश मरोळला उठून गेली. मागे राहिलेले चर्च ओस पडले. छप्पर गेले, भिंती आणि बुरूज तेवढे उरले. इंग्रज साहेबांनी आपल्या मेलेल्या शिपायांच्या आठवणीसाठी कुलाब्याला अफगाण चर्च उभारले ते १८५८ सालचे. त्याचे फोटो सगळ्या पुस्तकांत सापडतात. कोंडिविट्याचे चर्च त्याहून पावणेतीनशे वर्षांनी जुने असून त्याला भुताटकीच्या गप्पांशिवाय कुणी विचारीत नाही.

पण कोंडिविट्याचा इतिहास १५७९ ला सुरू होत नाही, हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको. चर्चपासून हाकेच्या अंतरावरच्या टेकडीत एकोणीस बौद्ध लेणी आहेत. त्यातले चैत्यगृह फार जुने. आत गोल दालन कोरून त्यात स्तूप ठेवला आहे, अशी रचना आपल्याकडे क्वचितच दिसते. इसवी सनापूर्वीपासून सहाव्या शतकापर्यंत इथे भिक्खू राहिले. या लेण्यांना लोक आज काय म्हणतात? महाकाली लेणी! बुद्धाचे घर आणि पाटी देवीची. कान्हेरीला फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चैत्यगृहातच चर्च थाटले होते. बोरिवलीला मंडपेश्वराच्या शैव लेण्यावर चर्च चढले. तेव्हा या बाबतीत एकाच धर्माच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती सत्ता, त्याने पाटी बदलली. खालचा कष्टकरी माणूस मात्र तोच राहिला.

तो माणूस म्हणजे साष्टीचा कुणबी, कोळी, भंडारी, कुंभार. पोर्तुगीजांच्या काळात तो ख्रिस्ती झाला. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्याने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्त्यांहून आपण निराळे, इथले भूमिपुत्र आहोत, हे सरकारला कळावे म्हणून. त्याची भाषा मराठीच. त्याच्या बायका लुगडे नेसत. शेतात पहिले पीक आले की चर्चमध्ये नेऊन आगेरा साजरा होतो. १८९६ च्या प्लेगनंतर गावोगाव नाक्यावर जे क्रूस उभे राहिले, त्यांपुढे अजून मेणबत्त्या लागतात. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. हा विधी काही रोमहून आलेला नव्हे!

पाण्याचा विषय निघाला की आम्हाला २० मार्च १९२७ चे चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणून आम्ही विचारतो, त्या विहिरीवर सगळे ख्रिस्ती एक होते काय? १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये साहेबाने लिहून ठेवले आहे की इथल्या ख्रिस्त्यांनी आपापल्या जाती जपल्या आणि एका जातीची सोयरीक दुसरीत होत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव बदलले, पण जात धुतली गेली नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांवर लिहिलेले दोन निबंध त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहेत. धर्मांतरिताची जात का सुटली नाही, मिशनऱ्यांनी तिच्याशी तडजोड का केली, याची झाडाझडती त्यांनी तिथे घेतली आहे. १९५६ साली नागपूरला त्यांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे त्या निबंधांनंतर चांगले उमजते.

तरीही ही माणसे आपली आहेत. अहमदनगर जिल्ह्यातून गिरणीत, रेल्वेत, पालिकेत कामाला आलेले महार-मांग ख्रिस्ती आमच्याच चाळीत राहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवले. त्याच आदेशात शिखांसाठी १९५६ ला आणि आम्हा बौद्धांसाठी १९९० ला दुरुस्ती झाली. आम्ही ती ३४ वर्षे झगडून घेतली. ख्रिस्ती दलितांसाठी २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमण्यात आला. सवलती वाटल्या जातील या भीतीने आमच्यातलेच काहीजण या प्रश्नावर गप्प बसतात. आम्हाला ही गप्पगिरी लाजिरवाणी वाटते.

आता कुंपणाकडे. औद्योगिक वसाहतीसाठी मरोळ-कोंडिविट्याची शेते गेली, १९७३ साली सीप्झ झाले आणि चर्च गेटच्या आत अडकले. गावकऱ्यांना वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या रविवारी, परवानगी घेऊन तिथे मिस्सा करावी लागत आली आहे. आजोबा-पणजोबांच्या चर्चमध्ये जायला पास! वैशाख पौर्णिमाही बहुधा मे महिन्यातच येते आणि आमचे उपासक पांढऱ्या वस्त्रांत महाकालीच्या पाटीखालून बुद्धाच्या स्तूपाकडे जातात.

सीप्झ प्रशासनाने निदान दर रविवारी ते गेट उघडावे आणि पुरातत्त्व खात्याने लेण्यांच्या पाटीवर कोंडिविटे हे नाव ठळक लिहावे. दोन्ही अर्जांवर मरोळच्या ईस्ट इंडियनांनी आणि अंधेरीच्या बौद्धांनी एकत्र सह्या कराव्यात, असे आम्ही सुचवतो. मरोळच्या एका म्हाताऱ्या बाईंना आम्ही हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, “बाबा, सही करीन, पन माझं नाव पयलं लिव.”