पदकाआधी पेशगी हवी

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. विणकराला सूत घ्यायला पैसे लागतात तेव्हा ते द्यायचे असतात. लुगडे विणून झाले, बाजारात नावाजले गेले आणि मग त्याच्या गळ्यात हार घातला, तर त्या हाराचे तो काय करणार? आमच्या वडिलांच्या काळी या आगाऊ रकमेला पेशगी म्हणत. खेळाच्या बाबतीत आपले सरकार नेमके उलटे वागते. पेशगीला हात आखडतो आणि हाराला मोकळा होतो.

व्यापाराच्या पानावर खेळाचे काय काम, असे काही व्यापारी बंधू म्हणतील. आम्हीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. परंतु हिंगणघाटसारख्या गावात दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईक कुठून येते आणि का आटते हे पाहावेच लागते, आणि पाहता पाहता आम्ही मैदानापर्यंत जाऊन पोहोचलो.

आधी हिशोब मांडू. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. त्यात युवा व क्रीडा मंत्रालयाच्या वाट्याला आले ३,७९४ कोटी. मोठी रक्कम वाटते ना? गल्ल्यावर बसणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर शंभर रुपयांत साडेसात पैसे. त्यातही युवक कल्याणाचा वाटा निघतो, मंत्रालयाचा पगारपाणी निघतो. तळागाळातल्या खेळाडूंसाठी असलेल्या ‘खेलो इंडिया’ योजनेला त्यापैकी १,००० कोटी, म्हणजे शंभरात दोन पैसे. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला पाजलेल्या चहाचा खर्चसुद्धा याहून जास्त पडतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एवढ्या मोठ्या देशाला सहा पदके मिळाली, एक रौप्य आणि पाच कांस्य. त्यातले एक कांस्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे, पन्नास मीटर रायफल नेमबाजीतले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते तब्बल ७२ वर्षांनी. त्याआधीचे १९५२ सालचे, हेलसिंकीचे, कुस्तीतले खाशाबा जाधवांचे. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. आपण ती मोठ्या अभिमानाने सांगतो. आम्हाला मात्र ती ऐकताना शरम वाटते. देशाच्या खेळाडूसाठी एका मास्तराचे घर गहाण पडावे, ही अभिमानाची गोष्ट कशी?

कुसाळेची गोष्ट वेगळी आहे आणि आमच्या मुद्द्याला तीच जास्त उपयोगाची आहे. तो शाळकरी वयात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तिथे घडला आणि पुढे त्याला रेल्वेत नोकरी मिळाली. म्हणजे सरकारने वेळेवर सूत दिले, तेव्हा कापड निघाले. सरकारी पैसा खेळात वायाच जातो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पदकानंतर बक्षीस किती, यावर मात्र वर्तमानपत्रांत रकाने भरले. हरियाणा सरकार ऑलिंपिकच्या कांस्यपदकाला अडीच कोटी देते, महाराष्ट्र कमी का देतो, वगैरे. हा वाद आम्हाला गौण वाटतो. बक्षीस एकाला मिळते. पेशगी शंभरांना द्यावी तेव्हा त्यातून एक निघतो, आणि उरलेले नव्याण्णवही धडधाकट, शिस्तीचे नागरिक होतात.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. आमचे बालपण हिंगणघाटात गेले. शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. शाळेला मैदान नव्हते. आम्ही जिनिंगच्या आवारात खेळायचो. एके काळी हिंगणघाटचा कापूस याच गावाच्या नावाने परदेशी बाजारात ओळखला जाई, त्यामुळे जिनांची आणि मोठमोठ्या आवारांची कमतरता नव्हती. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की आमचे मैदान गेले. उन्हाळ्यात गंज्या उचलल्या की परत मिळाले. कापसाला भाव नसला आणि माल पडून राहिला की आमची कबड्डी लांबणीवर. बाजारभावाशी आमचा पहिला संबंध आला तो असा!

आज ती आवारे राहिली नाहीत. काहींचे प्लॉट पडले, काहींवर दुकानांचे गाळे उभे राहिले. (त्यातल्या एका गाळ्यात आमचेच गोदाम आहे, हेही कबूल केले पाहिजे.) मग पोरे खेळतात कुठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असलेच पाहिजे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असला पाहिजे, हेही लिहिले आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत जाऊन पाहावे. मैदान म्हणजे प्रार्थनेपुरते अंगण, आणि खेळाचा तास म्हणजे गणिताचे राहिलेले धडे.

आमच्या दुकानासमोर ओट्यावर शिलाई मशीन टाकून बसणारे एक मास्टर आहेत. त्यांची थोरली मुलगी धावते. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पहिली आली, जिल्ह्याला पहिली आली, मग नागपूरला विभागीय स्पर्धेसाठी निवड झाली. मास्टरांनी आमच्याकडून ट्रॅकसूटचे कापड नेले आणि रात्री बसून स्वतः शिवले. बुटांचे पैसे मात्र जमले नाहीत, तेव्हा कुणाचे तरी मागून नेले. नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅकवर पाय ठेवला तो आयुष्यात पहिल्यांदा. इथे ती मुरमाच्या रस्त्यावर धावायची, तीही पहाटे, कारण दिवस उजाडला की ट्रक सुरू होतात. त्या नरम ट्रॅकवर पाय कसा टाकायचा हेच तिला समजेना. पाचवी आली. घरी येऊन बापाला म्हणाली, “अब्बा, त्या मुली रोज तिथेच धावतात.” एवढेच. तक्रार नाही, रडणे नाही. मास्टर आम्हाला हे सांगत होते तेव्हा त्यांचा पाय मशीनवर चालूच होता.

वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. रोज जाणे कुणाला परवडते? विदर्भात गुण नाहीत असे तर कोणी म्हणू शकत नाही. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचा विश्वविजेता झाला, त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळवली. पण त्याला शिकायला जावे लागले साताऱ्याला. फैज फजलच्या कप्तानीत विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोन वर्षे लागोपाठ रणजी करंडक जिंकला, २०२४-२५ ला पुन्हा जिंकला. नागपूरहून वर्ध्याला येताना याच रस्त्यावर जामठ्याचे भव्य स्टेडियम लागते. ते क्रिकेट संघटनेचे. क्रिकेटकडे पैसा आहे म्हणून मैदान आहे, मैदान आहे म्हणून करंडक आहे. धावणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या पोरांची संघटना गरीब. त्यांना सरकारशिवाय वाली नाही.

आणि परंपरा? शेजारच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथला चमू देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला होता. कामठीचे नाव घेतले की विणकर आणि फुटबॉल या दोन गोष्टी आठवतात. माग थंडावले, पण रब्बानी क्लबचा फुटबॉल टिकून राहिला. आमच्या पुलगावची कापड गिरणी बंद पडली. गिरणी गेल्यावर पोरांना संध्याकाळी जायला जागा उरते ती पानठेला.

आमचे एक स्नेही, शेतीमालाचे व्यापारी, यावर रागावून म्हणाले, “आपला जिल्हा कुठला? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले त्यातला. इथे शेतकरी मरतो आणि तुम्हाला मैदाने सुचतात?” प्रश्न खोटा नाही. आम्ही त्यांना पहाटे पाच वाजता आमच्यासोबत रस्त्यावर यायला सांगितले. आले. रस्त्याच्या कडेने पाच-पंचवीस पोरे धावत होती. कुणी शेतकऱ्याचा, कुणी हमालाचा, कुणी आमच्या शेजारच्या रंगाऱ्याचा. सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी. भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक, मैदानी चाचणीचे एकूण पन्नास गुण. सैन्यभरतीलाही सोळाशे मीटर आहेच. आमच्या जिल्ह्यात खेळ म्हणजे हा. ट्रॅक ही चैन नाही, नोकरीची तालीम आहे. अंधारात धावणाऱ्या पोरांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच. स्नेही परतताना गप्प होते. त्यांचे मत बदलले की नाही हे आम्ही विचारले नाही.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा पूर्वी एक कोटी होती, ती पाच कोटी झाली. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला, हा फायदा तर आपल्या गिऱ्हाइकाच्या थेट खिशात जातो. पण इमारत बांधली म्हणजे खेळ झाला असे सरकारला वाटते. संकुलाची कोनशिला बसते, फीत कापली जाते, मग कुलूप. शिकवणारा नाही, गवत कापणारा नाही, रात्री दिवा नाही. दुकान बांधून माल न भरणाऱ्याला आपण काय म्हणतो? २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तिथे हजारो कोटी लागतील, लागू देत. त्यातला शेकडा एक भाग देशातल्या तालुक्यांच्या प्रशिक्षकांच्या पगाराला लागला, तरी आम्ही मुकाट बसू.

आता धंद्याची बाजू. एका गावात दहा संघ नियमित खेळू लागले तर काय लागते? जर्सी, चड्डी, ट्रॅकसूट, नंबर छापणारा, जाळी विणणारा, बूट सांधणारा मोची, कॅरमचे बोर्ड करणारा सुतार. आज जर्सीचे कापड सुरतेहून येते, तयार माल तिरुपूर-लुधियानाहून, बॅट-बॉल मेरठ-जालंधरहून. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातली पोरे पॉलिस्टर घालून खेळतात, त्याला इलाज नाही, घाम सुकतो म्हणे. पण शिवणे आणि छापणे इथे होऊ शकते. त्यासाठी सरकारी खरेदीत स्थानिक कारागिराला वाव हवा, आणि बिल वेळेवर हवे. आम्ही एका सरकारी स्पर्धेसाठी एकशे दहा ट्रॅकसूट पुरवले होते. पैसे चौदा महिन्यांनी मिळाले. तोपर्यंत शिवणाऱ्यांची मजुरी आम्ही घरातून दिली. पुढच्या वर्षी निविदा आली तेव्हा आम्ही अर्जच केला नाही, आणि आमच्यासारखे आणखी असतील.

थोडे आपल्याकडेही पाहू. नाईट क्रिकेट आले की आपण पावती फाडतो, पाच हजार एक, अकरा हजार एक. मैदानाभोवती आपल्या दुकानांचे फलक लागतात, रात्री दोनपर्यंत भोंगे वाजतात. आम्हीही दिले आहेत. चार दिवसांच्या त्या पैशात एका प्रशिक्षकाचे दोन-तीन महिने निघाले असते. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात आणि त्या यादीत ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेले आहे. जिल्ह्यातल्या कारखानदारांकडे आपल्या व्यापारी संघांनी हे मागायला काय हरकत आहे? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशी दोन अनुदाने मिळतात. शाळा व नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. आपल्या किती संस्थांना हे ठाऊक आहे? आम्हाला स्वतःला गेल्या वर्षी कळले.

तेव्हा आम्ही काही व्यापाऱ्यांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे. मागण्या तीनच: संकुलाचे कुलूप पहाटे पाचला उघडावे, धावपट्टीवर दिवे लावावेत, आणि वर्षभर पगारावर एक प्रशिक्षक नेमावा. सह्यांचा कागद दुकानात ठेवला आहे. मास्टरांनी सही केली. त्यांच्या मुलीला अजून अठरा पूर्ण नाहीत, म्हणून तिची घेता आली नाही. ती म्हणाली, दिवे नसले तरी चालतील, कुलूप तेवढे काढा.