पाणथळ कोपऱ्यात शेवरी लावा



गेल्या पावसाळ्यात लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटात फिरत होतो. एका सभासदाच्या वस्तीवर चहा झाला. उठता उठता घरच्या वहिनींनी पाटीभर काकड्या पुढे ठेवल्या व विचारले, "साहेब, वेल जोरात आहे, फूलही भरपूर येतंय. मग काकडी अशी वाकडी अन् एका टोकाला बारीक का?" आम्ही खताचे विचारले, पाण्याचे विचारले. शेवटी वेलापाशी अर्धा तास उभे राहिलो. सकाळचे नऊ वाजले होते, फुले उघडी होती आणि त्यांवर एकही माशी नव्हती.

काकडीचे नर फूल वेगळे व मादी फूल वेगळे. एकातील पराग दुसऱ्यावर नेण्याचे काम मधमाश्यांचे. पराग पुरेसे पोहोचले नाहीत, की एका बाजूचे बी भरत नाही आणि फळ तिकडे आखडते. उसाचे तसे नाही. ऊस आपण टिपरीने लावतो आणि कांड्यांसाठी वाढवतो. तुरा आला नाही तरच बरे. म्हणून ऊसवाल्याला माशीची आठवण होत नाही. पण त्याच रानात घरापुरती काकडी, कारली, घोसाळी असतात, कुणी कांद्याचे बीजोत्पादन घेतो. या सर्वांना माशी लागतेच.

त्या वस्तीभोवती नजर जाईल तिकडे ऊस आणि बांध तासून चक्क. मग माश्यांनी खायचे काय? येथे आमचीही चूक कबूल केली पाहिजे. "बांध स्वच्छ ठेवा" असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. तण आणि उंदरांच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण गवताबरोबर फुलेही गेली, हे आमच्या ध्यानात आले नाही.

उपाय त्याच शेतात सापडला. खालच्या अंगाला तीन-चार गुंठ्यांचा कोपरा पाझराने कायम ओला राहतो. तिथे ऊस पिवळा पडून बसतो, बेण्याचा खर्चही निघत नाही. असा एखादा कोपरा पुष्कळ सभासदांकडे आहे. तिथे शेवरी लावावी.

शेवरी कोणती?

पानमळ्यात वेलाला आधार व सावली म्हणून लावतात ती. हिरवळीच्या खताचा धैंचा हिच्याच जातकुळीतला; पण धैंचा एका हंगामाचा, तर शेवरी तीन-चार वर्षे टिकते. मुळाशी पाणी साचले तरी ती सहसा दगावत नाही, थोडा खारटपणाही सोसते. मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. पावसाळा सरता सरता पिवळ्या फुलांचे, तांबूस-जांभळे ठिपके असलेले झुबके लोंबू लागतात. त्यांवर मधमाश्या व भुंगे येतात.

लावावी कशी?

मृगाच्या पावसावर बी टोकावे. बी टणक असते. पाणी चांगले तापवून चुलीवरून खाली उतरावे, त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे व सकाळी टोकावे. दोन रोपांत फूटभर अंतर पुरे. पहिला महिना-दीड महिना तण काढावे. पुढे ती स्वतःच तणाला दाबते. निचऱ्याच्या चरात मात्र लावू नये, काठाने लावावी. आपल्याकडे सावली बहुतेक वर्षभर उत्तरेकडे पडते, म्हणून ओळ उसाच्या उत्तरेला धरावी. पलीकडे भाऊबंदाचे रान असेल तर आधी त्याला विचारावे, नाहीतर शेवरीपेक्षा तंटाच जोराने वाढेल.

चारा घ्या, पण फूल ठेवा

झाडे डोक्याएवढी झाली की कमरेएवढ्या उंचीवर छाटावीत, पुन्हा फुटतात. पाला शेळ्या आवडीने खातात. गाई-म्हशींना इतर वैरणीत मिसळून, थोड्यापासून सुरुवात करून द्यावा. कोंबड्यांना पाला किंवा बी घालू नये.

सर्व झाडे एकदम छाटली तर चारा मिळेल, फूल मिळणार नाही. म्हणून पाचांतले एक झाड न छाटता सोडावे. तेवढा माश्यांचा वाटा समजावा.

वठलेले एखादे खोडही उभे राहू द्यावे. मोठा काळा भुंगा वाळल्या लाकडात भोक पाडून घर करतो. आवाजाला भिऊन आपण त्याला चपलेने मारतो. पण तो सहसा डसत नाही, आणि शेवरीचे घट्ट मिटलेले फूल त्याच्या वजनाने उघडते.

सावधगिरी

१. उसातील तणासाठी टू-फोर-डी फवारताना वारा शेवरीकडे किंवा भाजीकडे नसावा. रुंद पानाची झाडे त्याने करपतात.
२. कीटकनाशक फुले उघडी असताना मारू नये. मारावेच लागले तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारावे.
३. शेवरीच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी वाढते. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यांना लागून ती लावू नये.

शेवरीने पाणथळ जमीन दुरुस्त होते, असा समज करून घेऊ नये. त्याला चर काढणे आणि पाणी बेताने देणे हाच इलाज आहे. चर होईपर्यंत कोपरा रिकामा पडण्यापेक्षा चारा देईल, एवढेच. काकडी सरळ येईल असे वचनही आम्ही वहिनींना दिलेले नाही. त्यांच्या वेलापासून पन्नास पावलांवर शेवरी टोकली आहे. फुलांवर माशी दिसू लागली, की पुढचे वेलच सांगेल.

ज्यांच्याकडे असा कोपरा असेल त्यांनी गट कार्यालयातील शेतकी कर्मचाऱ्यांना जागा दाखवावी. लागणीच्या वेळी आम्ही समक्ष येऊ.

— ऊस विकास अधिकारी