शूऽऽ, बाबा झोपलेत!

इचलकरंजीत लग्न होऊन आलेल्या नव्या नवरीला पहिले आठ-पंधरा दिवस झोप लागत नाही. रात्रभर मागांची खटखट! मलाही लागली नव्हती. पण इथं जन्मलेल्या बाळांचं अगदी उलटं असतं. मागांच्या आवाजात ती गाढ झोपतात आणि लाईट गेली, माग थांबले, की दचकून उठून भोकाड पसरतात. आमच्या सासूबाई अंधार झाला की आधी मेणबत्ती नाही शोधायच्या. "दूध गरम कर गं, आता उठतंय बघ पोरगं," असं म्हणायच्या. आणि खरंच उठायचं!

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्यांना पाठिंबा होता. तेव्हापासून गाव वाढत गेलं आणि 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' झालं. सुताचे दर, कापडाची मंदी, विजेची सवलत, मजुरीवाढीचा संप यांवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येतात. यायलाच हवेत, गावाचं पोटच त्यावर आहे. पण मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरात पावणेदोन वर्षांचं पोर असेल, तर त्या घराचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे मात्र कुणी लिहीत नाही. बचत गटाच्या निमित्तानं मी अशा बऱ्याच घरांत जाते. त्यातल्या एका घराबद्दल आज लिहावंसं वाटतंय. नावं मुद्दाम देत नाही.

नवरा सत्तावीसचा, बायको तेवीसची, बारावी झालेली. दहा बाय बाराची भाड्याची खोली, पुढं पत्र्याची पडवी. तो मूळचा सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातला, ती शिरोळ तालुक्यातली. पोरगं दोन्ही घरांचं! पाण्याला 'नीर' म्हणतं आणि भाकरीला 'भाकी'. नवऱ्याची पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी मीटरवर, पगार आठवड्याला.

दिवसपाळीचा आठवडा बरा जातो. खरी परीक्षा रातपाळीच्या आठवड्यात. सकाळी तो घामानं आणि कापसाच्या तुसानं भरून घरी येतो, आंघोळ करतो, दोन भाकरी खातो आणि आडवा होतो. त्याला झोप मिळालीच पाहिजे. मागावर डोळा लागला तर धोट्याशी आणि पट्ट्याशी गाठ आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच वेळी पोरगं अगदी ताजंतवानं झालेलं असतं. त्याला ताटली आपटायची असते, डबे उघडायचे असतात, बाबाच्या पोटावर बसून घोडा घोडा करायचं असतं. एकच खोली. सांगा, या दोघांना कसं सांभाळायचं?

"ताई, दिवसभर मी नुसतं शूऽऽ शूऽऽ करत्ये बघा," ती मला म्हणाली. "पोरगं बोलाय लागलं की मीच त्याच्या तोंडावर हात ठेवत्ये."

नऊ ते दोन ती पोराला घेऊन बाहेर असते. कधी देवळाच्या पायरीवर, कधी कडुनिंबाखाली, कधी शेजारणीच्या उंबऱ्यावर. उन्हाळ्यात हे जमतं. पावसाळ्यात मग एकच उपाय, मोबाईल! पोराच्या हातात मोबाईल दिला की ते दोन-दोन तास गप्प बसतं. बापाची झोप होते, आईची भाकरी होते.

आपण बायका अशा वेळी पटकन बोलून जातो, "आजकालच्या आयांना मोबाईल द्यायची सवयच!" मी स्वतः अशी बोलणी ऐकते, आणि ज्यांच्या घरी चार खोल्या आहेत त्यांच्याच तोंडून जास्त ऐकते. इथं मोबाईल लाड म्हणून आलेला नाही, रातपाळीमुळे आलेला आहे. तरीही त्याचं जे व्हायचं ते होतंच. पावणेदोन वर्षांचं झालं तरी पोराच्या तोंडी सात-आठच शब्द. त्यातले दोन कन्नड! मी तिला गाडीवर बसवून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी कान तपासून घ्यायला सांगितलं. कान चांगले निघाले. मग विचारलं, "दिवसातून याच्याशी तोंडासमोर बसून कोण बोलतं?" ती माझ्याकडे बघायला लागली. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्येच सांगितलंय, की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर कधीतरी बोलणं तेवढं चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. मूल शब्द शिकतं ते माणसाच्या ओठांकडे, डोळ्यांकडे बघून. त्यानं 'नीर' म्हटलं, की कुणीतरी "हां, पाणी पाहिजे? घे पाणी" म्हणावं लागतं. मोबाईल नुसता बोलत सुटतो, तो ऐकून कुठं घेतो?

मागाच्या आवाजाचीही एक गंमत आहे, म्हणजे गंमत म्हणायची एवढंच. कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कामगार खुणांनी बोलतात आणि घरी आले की मोठ्यानं बोलतात. हे पोरगंही पाणी मागताना अंगठा तोंडाकडं नेतं, अगदी बापासारखं.

आता पाण्याचंच. या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येईल त्या दिवशी भरून ठेवायचं. त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत एक बॅरेल, दोन प्लॅस्टिकचे पिंप, चार घागरी आणि बादल्या. म्हणजे अर्धी खोली पाण्याची! पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हा पोरगं बादलीच्या काठाला धरून आत वाकून हात बुडवत होतं आणि आई पाठमोरी चुलीशी होती. माझ्या पोटात गोळाच आला. या वयात मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. तोल गेला की ते डोक्यावर पडतं आणि त्याला परत वर येता येत नाही. त्यासाठी विहीर लागत नाही, बादलीतलं वीतभर पाणी पुरतं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, आवाजच होत नाही. बादल्या रिकाम्या होताच पालथ्या घालायच्या, बॅरेलला झाकण आणि झाकणावर पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी जड, एवढं त्याच दिवशी करून घेतलं. झाकणाचा दुसराही फायदा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करावं लागतं, पण जिथं पाण्याची वाट बघावी लागते तिथं साठवलेलं पाणी ओतून द्यायला हात धजावत नाही. ते मला समजतं.

आणि पाणी उकळून पाजणं. २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात काविळीची साथ आली होती, पिण्याच्या पाण्यातून. घराघरात माणसं अंथरुणाला खिळली, जीवही गेले. त्या काविळीचा सगळ्यात मोठा धोका गरोदर बाईला असतो. त्या दिवसांत दवाखान्यांतली गर्दी ज्यांनी बघितली, त्यांना पाणी उकळा म्हणून सांगावं लागत नाही. पण ही मुलगी तेव्हा शाळेत होती, दुसऱ्या गावात. गॅस महाग म्हणून ती फक्त पोरापुरतं एक पातेलं उकळते. तेवढं तरी चालू राहू दे, म्हटलं. जुलाब लागलेच तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम मिसळायची, थोडी थोडी वाटीत नव्हे, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचं, हेही सांगून ठेवलं.

खाण्याचं फार लांबवत नाही. भाकरी दुधात कुस्करून, वरणभात, अंडं, हे सगळं होतं घरात. पण पोर रडलं की पाच रुपयांचा पुडा! अंगणवाडीताईंनी दंडाला पट्टी लावली, पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या वर होती. म्हणजे हिरवी. त्या दिवशी आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खरा प्रश्न निघाला तो दिवाळीनंतर. गावातल्या एका गारमेंटमध्ये तिला शिलाईचं काम मिळत होतं. लग्नाआधी तिनं ते केलेलं होतं, हात बसलेला होता. घरबसल्या धागे कापून तिला आठवड्याला जे मिळतं, ते तिथं दीड-दोन दिवसांत मिळणार होतं. नवऱ्याचाही नकार नव्हता. पण पोराला कोण बघणार?

सासू गावाकडून आल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "पोरगं मला द्या. वर्षभर ऱ्हाऊ दे गावाकडं. दूध हाय, अंगण हाय. हितं काय हाय? ह्या खोलीत त्यो कोंबडीवानी डालून ठेवलाय."

बोलणं टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं. कितीतरी घरांतली पोरं अशी गावाकडं जातात. आजीकडं धष्टपुष्ट होतात. दोन वर्षांनी परत येतात तेव्हा आईला ओळखत नाहीत, आणि आजीपासून तोडलं म्हणून महिनाभर रडतात. सूनबाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, आत्ती म्हणत्यात ते बरोबर हाय. पर रातचं पोरगं माझं कान धरून झोपतंय." एवढंच.

मी विचार करत बसले. सरकारनं काही केलंच नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सांगितलं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास कामगार असतील तिथं पाळणाघर आलं. पण आमच्या गावात बारा मागांचे, चोवीस मागांचे कारखाने. शिलाईच्या शेडमध्ये वीस-पंचवीस बायका. पन्नासाचा आकडा गाठणार कधी? आणि तुकड्यावर काम करणारीला पगारी रजा देणार कोण? अंगणवाडीत बसायचं ते तीन वर्षांनंतर, तेही दुपारपर्यंतच. सहा महिने ते तीन वर्षे, म्हणजे जेव्हा पोर चालतं, पळतं, पडतं, बुडतं, बोलायला शिकतं, नेमकी तीच अडीच वर्षं सगळ्या हिशेबांतून निसटलेली.

ताराबाई मोडकांनी हे किती आधी ओळखलं होतं! बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांच्या आणि अनुताई वाघांच्या लक्षात आलं, की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचं नाव विकासवाडी. धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि थोरलीनं शेजारी वर्गात बसायचं. मुलांची अडचण आधी बघितली आणि शाळा तिच्याभोवती बांधली.

आमच्याकडं विकासवाडी कुठली! पण गल्लीत एक मावशी होत्या. तीस-बत्तीस वर्षं वहिफणी केलेल्या. वहिफणी म्हणजे नव्या बिमाचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओढून घेणं. हजारो धागे, एकही चुकून चालत नाही. आता नजर अधू झाल्यानं काम सुटलेलं, आणि पेन्शन कसली? त्यांच्या दोन खोल्या, त्यांत एकट्याच. "मावशी, चार पोरं सांभाळाल?" विचारलं. म्हणाल्या, "सुतापेक्षा पोरं बरी. तुटली तर रडून सांगत्यात तरी."

गटाच्या बैठकीत यावर तीन वेळा वाद झाला. पैसे किती, पोर आजारी पडलं तर काय, मावशींनाच काही झालं तर काय. एकीनं तर विचारलं, परक्याच्या हातचं पोरानं का खायचं? तिला मावशींनीच उत्तर दिलं, ते इथं छापता येणार नाही! शेवटी ठरलं ते असं. पोरामागं दिवसाला चाळीस रुपये, शनिवारी रोख. डबा आणि उकळलेलं पाणी ज्याचं त्यानं द्यायचं. ताप असेल तर पोर आणायचं नाही. चारच्या वर पोरं घ्यायची नाहीत, कितीही गळ घातली तरी. मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी, पाणी उंचावर. मोबाईल मावशींकडं आहे तो बटणाचा, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. अंगणवाडीताई महिन्यातून एकदा येऊन वजनं करतात. सहा महिन्यांनी द्यायच्या 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसाची तारीख त्यांनीच भिंतीवर खडूनं लिहून ठेवली आहे.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्या दर पंधरा दिवसांनी येतात, मावशींच्या दारात बसून दिवसभर पहारा करतात आणि संध्याकाळी नातवाला घेऊनच घरी जातात. मावशींचा आणि त्यांचा कन्नडमधून चांगलाच गप्पांचा फड जमतो, हे मात्र त्या कबूल करत नाहीत. पोरगं आता 'मावची बा' म्हणतं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. रातपाळीच्या आठवड्यात बाप दुपारपर्यंत निवांत झोपतो आणि उठला की स्वतः जाऊन त्याला घेऊन येतो. गल्लीतल्या बाकीच्या बाप्यांनी यावर बरीच थट्टा केली, पण तो जातो.

मावशींच्या पुढच्या खोलीचा पत्रा गळतो. पावसाळ्याआधी तो बदलायला हवा. गटातून चार हजार उचलायचे, की चौघींच्या नवऱ्यांनी एका सुट्टीत मिळून तो घालून द्यायचा, यावर येत्या बैठकीत भांडण ठरलेलं आहे.